शनिवारचं पाणी

आमच्या गल्लीत वार बघायला कुणी कॅलेंडरकडे जात नसे. याकूबभाई रंगारी दारावरून जाताना त्यांचे हात बघितले की पुरे. कोपरापर्यंत पिवळे असतील तर शनिवार, केशरी तर रविवार, लाल तर सोमवार. मग किरमिजी, आणि गुरुवारी काळेभोर. शुक्रवारी नमाजाला जाताना ते दगडाने घासून घासून राखाडी झालेले असत. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी धुळ्याला आले, तेव्हा मला आधी तो काही त्वचेचा आजारच वाटला होता.

ओळख झाली ती माझ्या गरजेपोटी. भावाच्या हळदीसाठी एक विटलेली साडी पिवळी करून हवी होती. मी गेले मंगळवारी. त्यांनी साडी हातातसुद्धा घेतली नाही, खुंटीकडे बोट दाखवलं. "तठे टांगी द्या, ताई. पिवळं शनवारले." एका साडीला असं किती पाणी लागतं, म्हणून मी कुरकुरले. पण साडी शनिवारपर्यंत खुंटीवरच राहिली.

यंत्रमागांचं सूत रंगवायचा त्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, एक काहील आणि लडी धुवायचा मोठा हौद. दुसरे रंगारी रंग बदलला की हौद रिकामा करत. हे आठवड्यातून एकदाच भरत. शनिवारी ताज्या पाण्यात पिवळा, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात केशरी, मग लाल, असं गडद होत होत शेवटी काळा. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "पानी आजून थकेल नही." गुरुवारी संध्याकाळी हौदाचं बूच काढताना मात्र त्यांचा चेहरा बघवत नसे. "आते थकनं बिचारं," असं पुटपुटत. माणसांबद्दल एवढा कळवळा त्यांनी क्वचितच दाखवला. मजुरांवर ते चांगलेच खेकसत.

हौद भरायचा तो त्यांच्याच अंगणातल्या विहिरीतून. उन्हाळ्यात नळ आटले की सगळी गल्ली तिथेच हंडे घेऊन यायची.

एका वर्षी आखाजीच्या तोंडावर, लेकीबाळी माहेरी येण्याच्या दिवसांत, दोंडाईच्याचा एक व्यापारी आला. याकूबभाईंचं निम्मं काम त्याच्याकडूनच यायचं. त्याला पिवळं सूत दोन दिवसांत हवं होतं, आणि वार होता सोमवार. हौद लाल होता, विहिरीचा तळ दिसत होता. मी हंडा घेऊन तिथेच उभी होते.

"विहीर तुमचीच ना?" शेठ म्हणाला.

"इहीर मनी शे, शेठ. पानी आख्खी गल्लीनं शे."

"मग मालेगावला देतो. पुढचंही तिकडेच."

त्यांचा मुलगा सलीम मधे पडला. "अब्बा, एक डाव भरी लिऊ."

याकूबभाईंनी माझ्या हंड्याकडे पाहिलं. "मंग ह्या ताईले काय सांगशी?"

शेठ गेला तो परत आला नाही. शेवटी तो पस्तावून आला, असं लिहायला मला आवडलं असतं. मजूर कमी करावे लागले. उतारवयात याकूबभाई स्वतः काहिलीत लडी ढवळू लागले. सलीम कितीतरी दिवस बापाशी बोलत नव्हता. हे बंद करून मालेगावला नोकरी धरतो, म्हणायचा. मी त्या दिवशी हंडा भरून घरी नेला खरा, पण तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा फेकलं नाही.

काही वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, पिवळ्या लडी वाळत टाकून याकूबभाई ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. अखेरची आंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं, हातांचा पिवळा काही निघाला नाही. सलीम आता कारखाना मोडणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. विहीर काठोकाठ होती, हौदातलं पाणी ओतून दिलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं.

बुधवारी सकाळी पत्र्याखालून धूर दिसला. जाऊन बघते तर सलीम भट्टी पेटवून बसलेला.

"अरे, एवढ्यात?"

"शनवारनं पानी शे, ताई," तो हौदाकडे बघत म्हणाला. "आजून थकेल नही."

दुपारी तो दारावरून गेला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत केशरी होते. वार चुकला, असं गल्लीत कुणीही म्हणालं नाही.