कशावरूनमामा

देव आहे की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तो असलाच, आणि एखाद्या संध्याकाळी शंख, चक्र, गदा सांभाळत मुलुंड पूर्वेला आमच्या मामेसासऱ्यांच्या दारात उभा राहिलाच, तर मामा शांतपणे चष्मा पुसतील आणि त्याला विचारतील, "कशावरून?" तेवढ्यावर भागलं तर देवाचं नशीब. नाहीतर समोरच्या ब्लॉकमधल्या पाटकरांना तसाच मुकुट चढवून ते देवाच्या शेजारी उभं करतील आणि दोघांतला खरा कोण, हे ठाऊक नसलेल्या तिसऱ्याच माणसाला निवाड्याला बसवतील. पाटकर निवडून आले, तर देवाला लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा जातील. माणूस सभ्य आहे.

मामांनी एका कॉलेजात जन्मभर मानसशास्त्र शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि प्रयोगशाळा आमच्या गळ्यात बांधली. सगळी बिल्डिंग त्यांना 'कशावरूनमामा' म्हणते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमचे वडील मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो." मामांनी बशी खाली ठेवली. "कशावरून?" वडील गडबडले. "म्हणजे, आमच्यासमोर तरी कधी..." "तुमच्यासमोर कोण करेल? आणि चांगला चांगला म्हणताय, तो कुणापेक्षा? तुलनेला दुसरा कुठे आहे?" माझा धाकटा भाऊ मोरीत जाऊन लपला तो पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही.

या तुलनेपायी माझी जी वाट लागली ती मलाच ठाऊक. शास्त्रात म्हणे एक 'नियंत्रित गट' असतो. बाकीच्यांना जे द्यायचं ते या गटाला द्यायचं नाही आणि मग फरक बघायचा. गेली कित्येक वर्षं आमच्या सासरचा संपूर्ण नियंत्रित गट मी एकटा आहे. अभ्यंगस्नानाने खरोखर ताजंतवानं वाटतं का, हे बघायला पहिल्या दिवाळसणाला सगळं घर उटणं लावून न्हालं आणि जावई दुपारपर्यंत पारोसा बसला. कोपऱ्यावरच्या गाडीचा वडापाव चवीने चांगला की नुसत्या नावाने, हे ठरवायला सोसायटीचे सगळे काका गच्चीत डोळ्यांना पंचे बांधून बसले होते. खालून बघणाऱ्यांना वाटलं, काहीतरी भानगड झालीय. त्यांना वडे मिळाले. मला पाव.

पाटकरीणबाईंनी एकदा आरशाची दिशा बदलली आणि त्यांचा मुलगा सीएची परीक्षा पास झाला. त्या पेढे घेऊन आल्या, तर मामांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "आरसा न हलवता किती पास झाले? आणि हलवून किती नापास झाले, ते येतात का पेढे घेऊन?" बाईंनी पेढ्यांचा पुडा उचलला तो थेट स्वतःच्या घरी.

अशा माणसाच्या घरात मामी आहेत कुडाळच्या. त्यांचं सगळं शास्त्र दोन शब्दांत संपतं. "माका कळता." मीठ किती, पाहुणा खरा किती, दूध नासणार की नाही, सगळंच. मामा म्हणत, "कशावरून?" मामी म्हणत, "माका कळता," आणि संसार सुखाचा चालला होता.

मग एक दिवस मामा भाजी मार्केटात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, आता एकट्याने फिरू नका. मामा म्हणाले, "एकटा होतो म्हणून पडलो, हे कशावरून? सोबत असती तर दोघं पडलो असतो!" आणि घरात जाहीर करून टाकलं, "माझ्यावर कुणी पाळत ठेवली, तर मी गोराईला खोली घेऊन राहीन." मामी चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. मात्र तेव्हापासून त्या घरात चमत्कार सुरू झाला. मामांनी दारात पाऊल टाकावं आणि चहा कपात पडत असावा. मामा चवताळले. वेळा बदलल्या, लिफ्ट सोडून जिन्याने आले, चपला हातात घेऊन चोरपावलांनी आले. चहा हजर. "कशावरून कळलं?" "माका कळता!"

एकदा मी खाली लिफ्टची वाट बघत उभा होतो. वॉचमनने इंटरकॉम उचलला आणि हळूच म्हणाला, "काकी, काका इले. बरे चलतत." वॉचमनही कुडाळचा!

मी वर जाऊन मामींना स्वयंपाकघरात गाठलं. त्यांनी पदराला हात पुसले. "तेंका सांगू नका हां, जावयांनू. कळला तर उद्यापासून मागच्या कंपाउंडावरून उडी मारून येतले." मग गॅस बारीक करत म्हणाल्या, "ते गेटातून आत येयपर्यंत माझो जीव थाऱ्यार नसता."

पुढच्या रविवारी मी गेटजवळ गाडी लावत होतो. मामा आले. वॉचमन मोबाइलमध्ये बुडालेला. मामा थांबले. खोकले. वॉचमन ढिम्म. जरा जोरात खोकले. मग खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून चक्क फरशीवर आपटला. वॉचमनने दचकून वर पाहिलं आणि इंटरकॉमकडे हात नेला. तेव्हा कुठे मामांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चोरपावलांनी जिन्याकडे निघाले.

"मामा! म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

ते एका पायावर थबकले. "आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे असं कळलं, की माणूस जरा नीट वागतो. जन्मभर शिकवलंय मी हे." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वर तोंड उघडलंस, तर सगळा प्रयोग नासेल. तुला चहा नाही मिळणार."

तो तसाही मिळाला नसता. वर दोनच कप भरलेले होते. मामींचा चेहरा नुकत्याच निवलेल्या दुधासारखा झाला होता. "बघितलात? माका कळता."

"कशावरून?" मामांनी विचारलं, आणि मामींनी उत्तर द्यायच्या आत घाईघाईने बशी तोंडाला लावून मोठ्ठा फुर्रकन आवाज केला.