बाबांनी पुसलेला फळा

"काका, तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हीच पुसा."

शाखाप्रमुख बंटी हे बोलताना खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. आमच्या मुलुंडच्या नाक्यावर पक्षाच्या शाखेबाहेर काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी माझे बाबा खडूने लिहायचे. पाणी कधी येणार, रक्तदान कुठे आहे, कोण वारलं. कंपनी चालू होती तेव्हा बाबा युनियनचा फळा लिहायचे. कंपनी बंद पडली, युनियन गेली. पण ज्या पक्षाचा झेंडा त्यांनी कंपनीच्या गेटवर लावला होता, त्याच्या शाखेत ते खडू घेऊन येत राहिले. बंटीला शाखेत पहिल्यांदा आणलं तेही बाबांनीच.

कंपनीच्या जमिनीवर आता टॉवर उभा आहे. मी तिथे जिने पुसते. आठवड्याची सुट्टी मागितली म्हणून आमच्यातल्या काहीजणींना काढून टाकलं. मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'टॉवरच्या सफाई कामगारांची सभा. आज संध्याकाळी, गेटसमोर. सर्वांनी यावे.' किती तरी दिवसांनी त्यांचं अक्षर असं ठसठशीत आलं होतं.

मी कामाच्या युनिफॉर्ममध्ये शेजारीच उभी होते. बंटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "कसले कामगार, काका? ते तुमच्याबरोबर संपले. ह्या हाऊसकीपिंगवाल्या. आणि कंत्राट आपल्या साहेबांच्या मेव्हण्याचं आहे. वाट लावाल माझी."

मला वाटलं, आता बाबा त्याला खडसावणार. मॅनेजरची गाडी गेटवर अडवणारा माझा बाप.

बाबांनी डस्टर शोधलं. सापडेना. मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने फळा पुसला. हळूहळू, एकेक ओळ. शाखेतली पोरं मोबाईल बघत होती. कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. निदान काहीतरी घडतंय हे त्यांना कळलंय, एवढं तरी समजलं असतं.

सभा झाली नाही. काढलेल्या बायका परत कामावर आल्या नाहीत. बाबा पुन्हा फळ्याकडे गेले नाहीत. एकदा जेवता जेवता त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे मोडली काय गो तुमची सभा?"

मी म्हटलं, "नाही हो." आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

वर्षाच्या आत बाबा गेले. दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला निघाले तर फळ्यावर त्यांचं नाव. 'पक्षाचे ज्येष्ठ निष्ठावंत कार्यकर्ते यांचे दुःखद निधन.' वर साहेबांचा हात जोडलेला फ्लेक्स. त्या दिवशी मात्र बंटी उठून उभा राहिला.

"ताई, काही लागलं तर सांग. आणि इलेक्शन येतंय, टॉवरच्या बायकांना घेऊन ये सभेला. तुझं ऐकतात त्या."

बाप जाऊन एक रात्र झाली होती. मी म्हटलं, "आधी इथे कामगार लिही."

"काय?"

"माझा बाप कामगार होता. निष्ठावंत खोड आणि कामगार लिही."

"ताई, मजकूर वरून आलाय."

मी ओढणीने फळा पुसला. आधी पक्ष पुसला, मग निष्ठावंत. बाबांच्या नावापाशी हात अडला. पण तेही पुसलं. म्हटलं, "ह्या फळ्यावर त्यांचं नाव नको." घरी येऊन दार लावलं आणि खूप रडले. बापाचं नाव मीच पुसलं होतं.

आता सभा ठरली की मी टॉवरच्या गेटसमोर रस्त्यावर खडूने लिहिते. सुपरवायझर वॉचमनला त्यावर पाणी मारायला लावतो. वाळलं की परत लिहिते. कधी चारजणी येतात, कधी मी एकटीच उभी असते. कुठल्याच पक्षाला आम्ही बोलावत नाही. मतं मागायला आले तर दारातच विचारते, तुमच्यात कंत्राट कोणाकोणाचं आहे.

जिने पुसणं माझं काम आहे, ते मी करते. आम्ही लिहिलेलं मात्र कुणी सांगितलं तरी पुसणार नाही.