चौघांत तीन ग्लास

बाकीच्या जगात ‘शाउट’ करणे म्हणजे ओरडणे. टॅरिंगल गावच्या गुत्त्यात ते तोंड मिटून करायचे काम होते. आपली पाळी आली की उठायचे आणि टेबलावरच्या प्रत्येकासाठी बिअर आणायची. पाळी चुकवून घरी सटकायचे नाही. कोणाला आठवण करून द्यायला लावायचे नाही. आणि कोणाला वगळायचे नाही. वगळले, तर त्याचा अर्थ एकच: तू आमच्यातला नाहीस.

ही रीत आर्च पेंगेलीइतकी काटेकोर कोणी पाळली नाही. लाकडाच्या मिलमध्ये तो मोठ्या करवतीवर होता. तो ओंडका ढकलायचा, पलीकडून रॉली बेक चिरलेली फळी ओढून घ्यायचा. करवतीच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. दोघांचे सगळे नजरेवर चालायचे.

एका वर्षी रॉलीचा उजवा खांदा कामातून गेला. मॅनेजर त्याला काढणार अशी कुणकुण होती.

“मी बोलतो त्याच्याशी,” आर्च म्हणाला.

“बोल, पण इथं कुणाला कळू देऊ नकोस. कमाई सगळ्यांत वाटून असते, आर्च. म्हणतील, या लंगड्या घोड्याला आम्ही का पोसायचं?”

आर्चने शब्द दिला. टोपी काढून ऑफिसात गेला. “रॉलीच्या वाट्याचं वजन मी घेतो. त्याला काढणार असाल, तर माझ्या जागीही माणूस बघा.” मॅनेजरने विषय सोडला. त्या दिवसापासून आर्च ओंडका हातभर जास्त पुढे रेटू लागला, म्हणजे रॉलीला तेवढे कमी ओढावे लागे. संध्याकाळी त्याला कंबर धरून पायऱ्या उतराव्या लागत.

त्याच आठवड्यात मिलमधल्याच डग मॅकिनच्या भावाला मिलमधल्या फळ्या घरी नेल्या म्हणून काढून टाकले. चहाडी कोणी केली ते कधीच कळले नाही. पण आर्चला ऑफिसातून बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिले होते.

शुक्रवारी टेबलावर मिलमधले नेहमीचे चौघे: आर्च, रॉली, डग आणि क्लाइव्ह. क्लाइव्हची पाळी झाली, रॉलीची झाली. मग डग उठला आणि तीन ग्लास घेऊन आला. एक रॉलीपुढे ठेवला, एक क्लाइव्हपुढे, एक स्वतःपुढे.

“एक विसरलास, डग.”

“विसरलो नाही.”

“मग?”

“चहाड्या करून घसा सुकला असेल, तर मॅनेजरकडं जा. टोपी काढून उभा राहिलास की पाजेल तो.”

क्लाइव्ह फिसकन हसला.

आर्चने रॉलीकडे पाहिले, करवतीवर पाहायचा तसेच. तिथे त्याला कधी दुसऱ्यांदा पाहावे लागले नव्हते. ‘तो माझ्यासाठी गेला होता,’ एवढेच रॉलीने म्हणायचे होते. रॉलीने ग्लास उचलला.

“तुझ्या भावानं दुसरीकडं कुठं काम बघितलं का रे, डग?”

आर्चला स्वतः सांगता आले असते. पण शब्द दिला होता.

तो उठला. आता पाळी त्याची होती, आणि दोघांच्या हातची तो प्यायला होता. काउंटरवरून त्याने तीन ग्लास आणले, एक थेंब न सांडता तिघांपुढे ठेवले आणि टोपी घातली.

“पाळीचा मात्र पक्का आहे हं गडी!” क्लाइव्ह मागून ओरडला.

सोमवारी करवत सुरू झाली तेव्हा आर्चने ओंडका तेवढाच, हातभर जास्त रेटला. पत्करलेले काम ते काम. रॉलीचा खांदा काही त्या शुक्रवारी बरा झाला नव्हता. गुत्त्यात मात्र आर्चने पुन्हा पाऊल टाकले नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी जळण फोडत असे, आणि फोडलेले जळण भिंतीशी ओळंबा लावल्यासारखे सरळ रचत असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी आर्च निवृत्त झाला, त्या दिवशी मिलच्या माणसांनी त्याला गुत्त्यात ओढून नेलेच. डग तोवर गाव सोडून गेला होता. रॉली दोन ग्लास घेऊन आर्चपुढे आला.

“ही माझ्याकडून, आर्च. तेव्हा मी घाबरलो रे.”

“माहीत आहे.”

“मग घे की, लेका.”

“घाबरलास ते समजलं मला. पण डगचा तो ग्लास तू तळापर्यंत प्यायलास, रॉली.”

रॉलीने उजव्या हातातला ग्लास पुढेच धरून ठेवला. हात हळूहळू खाली येऊ लागला; खांदा तोच, कामातून गेलेला. आर्चने त्या हातातला ग्लास काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि तो न पिताच घरी गेला.