हरभरा भाजीत का धान्यात

च्या निवू द्या जरा. माझ्याच हुशारीनं मला कसं गाडलं ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मी न्हाई रागवायचा.

लढाईचं दिवस. आमचं गाव तासगावाकडं, तवाच्या सातारा जिल्ह्यात. धाकटी बहीण सुंदरा दिली हुती माधवनगरापल्याड, म्हंजी सांगली संस्थानात. मधी नाका. परवान्याबिगर धान्याचा दाणा पलीकडं जाईना, भाजी मातूर मोकळी. अशात सुंदराचा मालक पटकीच्या साथीत गेला. आमच्यात नवरा गेलेल्या बाईनं पयला घास माहेरचा खायचा आसतो. तवर ती उपाशी.

माझं डोकं चाललं. रानातला हिरवागार हरभरा उपटला, पाल्यासकट पेंढ्या बांधल्या, गाडीत घातल्या. नाक्यापतुर भाजी, घाटं वाळलं की धान्य! हाय का न्हाई डोकं?

नाक्यावरच्या कारकुनानं इचारलं, "काय आहे?"

"भाजी."

"हरभरा धान्यात येतो."

"वाळल्यावर, रावसाहेब. ह्यो हिरवा हाय. पाला खुडून भाजी करत्यात. घाटं खाऊन तर बघा."

त्यानं सोलून खाल्लं. मी तोंडाला फेस येईस्तवर वाद घातला. शेवटी म्हणाला, "बरं. भाजी तर भाजी." मी मिशीला पीळ दिला.

मग त्यो शिपायाकडं वळला. "गाडी खाली कर. साथ आहे, कालपासून बाहेरची कच्ची भाजी पुरून टाकायचा हुकूम आहे."

माझी पाचावर धारण बसली. "रावसाहेब, धान्य हाय ते. हरभरा कवा भाजी आसतोय व्हय?"

"परवाना?"

"न्हाई."

"मग धान्य म्हणून तुम्हाला आत घालू, का भाजी म्हणून हे पुरू? एकदा काय ते ठरवा."

काय ठरवणार, कपाळ? "भाजीच हाय," म्हणालो. खड्ड्यात पेंढ्या गेल्या, वर चुना, वर माती. मला रडू आलं. तवा कारकुनानं इचारलं, कुणाकडं निघाला होता? सांगितलं. तसा त्यो म्हणाला,

"अहो, सुतकाच्या घरचा शिधा धान्य असलं तरी सोडतो आम्ही. नुसतं बहिणीचं नाव काढायचं होतं."

रिकामी गाडी घेऊन दारात गेलो. सुंदरा भिंतीला टेकून बसलेली, डोळं आत गेलेलं. शेजारणीनं आणलेली भाकरी तशीच झाकून ठेवल्याली. "माहेरचं आल्याबिगर खात न्हाई म्हणती," शेजारीण म्हणाली.

आता मी काय करावं, तुमीच सांगा. शेजारीण बाहीर गेल्यावर त्याच भाकरीचा तुकडा गुपचूप मोडला, उपरण्याआड धरला आन् सुंदराच्या तोंडाशी नेला.

"खा बया. आईनं दिलीया."

तिनं खाल्ला. चावता चावता रडली. मग हळूच म्हणाली, "दादा, आईला जाऊन वरीस झालं. तुला कवा जमलंय रं खोटं बोलाया?"