बाईंच्या बोटाचा गोलावा

कुठल्याही कोपऱ्यावरून बोट फिरवल्याशिवाय बाई पुढे जात नसत. टेबलाची कड, खिडकीची चौकट, नवा फळा, बोट फिरलंच पाहिजे. मुलं मागून त्यांना 'बोटबाई' म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

नाशिकच्या शाळेत बाई विज्ञान शिकवत, मी गणित. मॉडेल रॉकेटचं मंडळ आम्ही दोघी मिळून चालवायचो. पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडचे पंख. पंख कोणीही चिकटवो, नळी आणि पंख भेटतात त्या कोनातला इपॉक्सी गोंदाचा गोलावा मात्र बाईच देणार. रॉकेट आडवं ठेवायचं, कोनात इपॉक्सी सोडायचं आणि हातमोज्यातलं बोट स्पिरिटमध्ये बुडवून एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं की उंचवटा आलाच.

"हे शिकलात कुठे?" मी एकदा विचारलं.

"हरसूलला. आई घर सारवायची ना, तेव्हा भिंत नि जमीन भेटते तिथे मातीचा असाच गोलावा द्यायची. नाहीतर उंदीर पोखरायचे."

"आपल्या रॉकेटला कुठले आलेत उंदीर?"

"वारा आहे की! त्याचे दात दिसत नाहीत एवढंच."

निवृत्तीच्या वर्षी बाईंचा उजवा हात थरथरू लागला. निरोपाच्या दिवशी उडवायच्या रॉकेटचा गोलावा त्यांना स्वतःच द्यायचा होता. ओढला, पुसला. परत ओढला, परत पुसला. "आता हे कोण करणार हो?" एवढंच म्हणाल्या आणि रॉकेट माझ्यापुढे सरकवलं. मला रडूच कोसळलं.

"रडा नंतर. इपॉक्सी घट्ट होतंय. बोट उचलायचं नाही, बस."

रॉकेट झकास उडालं. उतरताना मात्र पॅराशूट अर्धवटच उघडलं आणि ते मैदानाच्या कडेच्या दगडावर आपटलं. मुलांचे चेहरे पडले. एक पंख मधोमध मोडला होता, पण त्याचं मूळ नळीला घट्ट धरून होतं. बाईंनी डोळे मिटले आणि थरथरतं बोट त्या गोलाव्यावरून सावकाश फिरवलं.

"हा माझा," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, हा मी दिलाय."

"तेच म्हणतेय मी."