तांबट आळीपर्यंतचं पुणे

साईनाथ भोयरने कसबा पेठेत एका माणसाचा डोळा फोडला. मी तिथे होतो. तरी मला ते अजून खरं वाटत नाही.

धायरीत आम्ही एका खोलीत राहायचो. तो यवतमाळकडचा. आठवडाभर कारखान्यात पत्रा कापायचा. तिथल्या यंत्राने त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं होतं. रविवारी तो पाहुण्यांना जुनं पुणे दाखवायचा. शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून, लाल महालात शाहिस्तेखानाची तुटलेली बोटं. रक्त आलं की माणसं मोबाइल खाली ठेवतात, असं त्याचं म्हणणं. लाल महालात तो स्वतःची करंगळी वर करायचा. "माझीही गेली, पण मी खान नाही." पाहुणे हसायचे. मग तांब्याची भांडी, तुळशीबाग, शेवटी मिसळ.

पुण्यात जपून बोलावं लागतं, हे तो पहिल्याच वर्षी शिकला. दुकानदाराला 'अहो', म्हाताऱ्यांना 'आपण'. गावाकडचा 'बे' तो फक्त खोलीत, माझ्यापुरता वापरायचा. त्यांच्याकडे तो जवळच्या माणसासाठी असतो. इथे तो अंगावर येतो.

त्या रविवारी मीही बरोबर गेलो होतो आणि एका सहल कंपनीच्या शेफालीताई सोबत होत्या. त्यांना तो पटला तर रोजचं काम मिळणार होतं आणि कारखाना सुटणार होता. पाहुणे नेमके त्याच्या गावाकडचे निघाले. सकाळभर तो त्यांच्याच बोलीत बोलला. त्याला इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं.

तांबट आळीत रावसाहेबांचं दुकान. म्हाताऱ्याचा साईनाथवर जीव. पण त्या दिवशी गल्ल्यावर त्यांचा पुतण्या विश्वजीत होता. एका बाईंनी कळशी विकत घेतली आणि धरायला साईनाथकडे दिली. त्यांच्या जावेलाही तशीच हवी होती. साईनाथने वरच्या फळीकडे बोट केलं.

"ती काढ ना बे."

विश्वजीत उठला. "बे कुणाला?"

"आमच्याकडं बापालेही बे म्हणतात जी," साईनाथ हसत म्हणाला.

"मग तीर्थरूपांच्याच दुकानात जायचं."

आणि त्याने कानाखाली वाजवली. साईनाथ चुकलं म्हणाला. दुसरी बसली. ओठ फुटला. तो पुन्हा चुकलं म्हणाला. विश्वजीतने त्याची कॉलर धरून त्याचं तोंड पाहुण्यांकडे, शेफालीताईंकडे वळवलं.

"बघा. हा तुम्हाला पुणे दाखवणार."

साईनाथने कळशी मारली. तिचा काठ डोळ्यावर बसला. विश्वजीत खाली पडला, तरी तो मारत राहिला. मी मागून धरलं, तर त्याच्या कोपराने माझा दात पडला. शेजारच्या दुकानांत तांबं ठोकणं चालूच होतं. त्या आवाजात हा आवाज कुणाला वेगळा वाटला नाही. मग बायका किंचाळल्या आणि आळी त्याच्यावर तुटून पडली. पोलीस आले तेव्हा तो तोंड झाकून पडला होता. पाठीवर लाथा पडत होत्या.

तक्रार मागे घ्या म्हणायला मी रावसाहेबांकडे गेलो. ते कामावरून उठले नाहीत. "डोळा आणलात का?" म्हणाले. "आणला असेल तर बसा."

शेफालीताई पोलीस चौकीत जबाब द्यायला आल्या होत्या, तेव्हा माझ्याशी बोलल्या. त्यांनी शनिवारवाड्यातूनच ऑफिसला फोन करून हाच माणूस घ्या म्हणून सांगितलं होतं. मिसळ खाताना त्याला सांगणार होत्या.

येरवड्याला भेटायला गेलो. जाळीपलीकडे तो बसला होता. गाल अजून काळे होते. विश्वजीतबद्दल त्याने विचारलं नाही. घरच्यांबद्दलही नाही.

"मॅडम काय म्हणाल्या?"

मी खरं ते सांगितलं. आधीच घेतलं होतं तुला, म्हणालो.

त्याने जाळीवर कपाळ आपटलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा जाळी लाल झाली आणि शिपायाने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं.