अप्पांचा हात

वडिलांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता आणि वर्षभर ते म्हणत होते, अशक्तपणा आहे. मला बाहेर बसवून, डॉक्टरांसमोर तो हात मांडीखाली दाबून अप्पा क्रिकेटवर बोलत बसायचे; उघड्या दारातून मला दिसायचं. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू डाक्टर काय गे?" माणूस बँकेतून निवृत्त झालेला, पण हट्ट शाळकरी पोराचा.

जीपची किल्ली मात्र त्यांनी कारण न सांगता माझ्याकडे दिली होती. पोंगलच्या सुट्टीत आम्ही दोघं अण्णा नगरातल्या घरातून पहाटे निघालो आणि दुपारी जवादी डोंगरात पोचलो.

वरच्या वस्तीची वाट म्हणजे कोरड्या ओढ्यातले दगड. अशा चढावर चालवणाऱ्याला फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. चाकाखाली काय आहे, ते समोर उभ्या माणसानं हातानं सांगायचं. हे मला अप्पांनीच शिकवलेलं. ते उतरून समोर उभे राहिले. मी चारही चाकांना जोर देणारा लो गिअर टाकला आणि निघाले.

त्यांचा हात वर झाला. ये म्हणतात की थांब, मला कळेना. मी ये समजले. मागचं चाक घसरलं आणि जीपचं पोट दाणकन दगडावर आदळलं.

"थांब म्हटलों ना. डोळे कुठं आहेत तुझे?"

माझंही डोकं फिरलं. "डोळे आहेत, अप्पा. तुमचा हात कळत नाहीये."

तोंडातून निघून गेलं. ते हाताकडे बघत राहिले. मग पाठ फिरवून चालू लागले. रागावले, असंच मला वाटलं. पण थोडं वर चढून त्यांनी हाक दिली, "मी पाय ठेवतों तिथं डावं चाक आण. मेल्ल ये, हळू हळू."

म्हातारा माणूस पुढे, जीप मुंगीच्या पावलानं मागे. त्यांचे पाय बॉनेटआड गेले की मी थांबायचे. त्यांचा तोल गेला तर, म्हणून पाय ब्रेकवर तयार ठेवला होता.

सपाटीवर आल्यावर ते घामानं निथळत शेजारी बसले. बाटली दोन्ही हातांनी धरूनही पाणी सांडलं.

"सोमवारी दवाखान्यात तू आत ये," ते म्हणाले. "डाक्टरला तूच सांग. मला भय वाटतें."

सांगते म्हटलं. भय मलाही वाटत होतं, ते त्यांना सांगितलं नाही.